मूत्राशय ठेवावे की काढावे : एका लहान मुलाच्या रॅब्डोमायोसार्कोमाचे प्रकरण

पार्श्वभूमी

प्रौढांमधील मूत्राशयाचा कर्करोग बहुतेक वेळा आतल्या अस्तरातून उगवतो आणि त्याचा धूम्रपानाशी जवळचा संबंध असतो. लहान मुलांचे चित्र वेगळे असते. त्यांच्यात अस्तरातून उगवणाऱ्या गाठी थोड्या, बहुधा मोठ्या मुलांमध्ये आणि सौम्य स्वरूपाच्या असतात. दुर्बिणीतून त्या खरवडून काढल्या की बहुतेक वेळा काम भागते. पाच वर्षांखालील मुलाच्या मूत्राशयात घातक गाठ निघाली, तर ती बहुधा रॅब्डोमायोसार्कोमा असते. हाडांना जोडलेले स्नायू ज्या पेशींपासून घडतात, त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या अपरिपक्व पेशींची ही गाठ आहे. मूत्राशयाच्या भिंतीत तशा प्रकारचे स्नायू मुळात नसतानाही ती तिथे होते. ती मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक दिसते, आणि त्यांच्यात ती मूत्राशयातून निघाली की प्रोस्टेटमधून हे अनेकदा सांगताच येत नाही. म्हणून दोन्ही मिळून एकच जागा धरण्याची पद्धत आहे.

या प्रकरणातील मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत.

समस्या

मुलगा दोन वर्षे आठ महिन्यांचा होता. सुमारे सहा आठवडे त्याला लघवीला त्रास होत होता. आईने केलेले वर्णन नेमके होते : "लघवीला उभा केला की चवड्यांवर उभा राहतो, पोट आवळतो, दोन थेंब होतात आणि रडायला लागतो." लघवीला जंतुसंसर्ग झाला असावा असे समजून प्रतिजैविकांचे दोन कोर्स देण्यात आले होते. लघवीच्या कल्चरमध्ये दोन्ही वेळा जंतू वाढले नव्हते, परंतु त्या अहवालाकडे पुन्हा वळून कोणी पाहिले नाही. एके दिवशी लंगोटात जेलीसारखा, फिकट गुलाबी, नखाएवढा तुकडा सापडला आणि दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण तुंबली.

रुग्णालयात आणले तेव्हा बेंबीपर्यंत आलेले मूत्राशय हाताला लागत होते. बारीक कॅथेटर जरा अडखळत आत गेला. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या मुखापासून वर वाढलेली ५.८ × ५.० × ४.६ सेंमी आकाराची गाठ दिसली. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली होती आणि मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातील क्रिएटिनिन डेसिलीटरमागे १.४ मिलिग्रॅम होते, जे या वयाच्या मुलासाठी बरेच जास्त आहे. कॅथेटरने लघवी मोकळी झाल्यावर उजवे मूत्रपिंड चार दिवसांत ओसरले. डावे मात्र तसेच राहिले, कारण त्या बाजूच्या मूत्रवाहिनीचे तोंडच गाठीखाली दबले होते.

इथे पहिला लहानसा, पण पुढच्या सगळ्यावर परिणाम करणारा निर्णय घ्यावा लागला. मूत्राशयातून मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, घालायचा तर गाठीत चाचपडावे लागले असते. केमोथेरपीने गाठ आकसेल आणि मूत्रपिंड आपोआप मोकळे होईल, अशी वाट पाहणेही शक्य होते. पण लघवी अडलेल्या मूत्रपिंडावर औषधांचा भार टाकणे धोक्याचे ठरले असते. म्हणून सोनोग्राफीच्या मदतीने पाठीतून डाव्या मूत्रपिंडात नळी बसवली गेली. पोटाच्या भिंतीतून थेट मूत्राशयात नळी घालणे जाणीवपूर्वक टाळले. वाटेत गाठीच्या पेशी पेरल्या जाण्याची शक्यता होती, आणि मग तो सगळा मार्गच उपचारांच्या कक्षेत आणावा लागला असता.

निदान : तुकडा कुठून आणि कसा घ्यावा

अशा वेळी कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, "गाठ आहे हे कळले आहे, मग लगेच का काढत नाही?" मूत्राशयातल्या गाठीसारख्या दिसणाऱ्या सर्वच गोष्टी घातक नसतात, हे त्याचे एक उत्तर. दाहातून उपजणारी मायोफायब्रोब्लास्टिक गाठ एमआरआयवर रॅब्डोमायोसार्कोमासारखीच दिसू शकते. रक्तवाहिन्यांच्या गाठी, तसेच इओसिनोफिल पेशींनी जाड झालेली मूत्राशयाची भिंतही फसवते. पेशींचे निदान हाती नसताना मूत्राशय काढणे म्हणजे परत न फिरता येणारे पाऊल टाकणे होय.

तुकडा मूत्रमार्गातून दुर्बिणीने घ्यायचा, पोटातून सुईने घ्यायचा की पोट उघडून, असे तीन मार्ग होते. गाठ मूत्राशयाच्या पोकळीत डोकावत असल्यामुळे दुर्बिणीचा मार्ग निवडला. विजेच्या तारेने गाठ खरवडण्याऐवजी साध्या चिमट्याने तुकडे घेण्याचे ठरले. विजेने कापलेल्या बारीक तुकड्यांच्या कडा करपतात, आणि इतक्या लहान मुलाच्या मूत्रमार्गातून मिळणारा तुकडा आधीच एवढासा असतो की करपलेली कड सोडून पाहण्याजोगे फारसे उरत नाही.

दुर्बिणीतून दिसलेले दृश्य पाठ्यपुस्तकातल्यासारखे होते. मूत्राशयाच्या मुखापासून चकचकीत, ओलसर, अर्धपारदर्शक घोस लोंबत होते. पाणी सोडले की ते हलायचे आणि दुर्बिणीच्या तोंडाशी येऊन दृश्य झाकायचे. याच द्राक्षाच्या घोसासारख्या रूपाला बॉट्रिऑइड म्हणतात. अडचण अशी की घोसाच्या टोकाला बहुतांश सूजच असते, पेशी विरळ असतात. गाठीच्या पेशींचा दाट थर अस्तराच्या लगत खाली दडलेला असतो. पहिल्या तीन तुकड्यांचे ठसे पॅथॉलॉजिस्टने तिथल्या तिथे काचपट्टीवर पाहिले आणि "पेशी पुरेशा नाहीत" असे कळवले. त्यामुळे बुडाशी, भिंतीजवळ जाऊन आणखी पाच तुकडे घेतले. पॅथॉलॉजिस्टला शस्त्रक्रियागृहाच्या जवळ थांबण्याची विनंती आधीच केलेली नसती, तर मुलाला पुन्हा भूल द्यावी लागली असती.

अहवाल एम्ब्रियोनल रॅब्डोमायोसार्कोमाचा आला. डेस्मिन आणि मायोजेनिन ही स्नायुपेशींची खूण पटवणारी प्रथिने आढळली. अधिक आक्रमक प्रकारात दिसणारा फॉक्स-ओ-वन जनुकाचा जोड नव्हता. छातीचा सीटी स्कॅन, अस्थिमज्जा आणि पेट स्कॅन यांत इतरत्र काही नव्हते, लसिका ग्रंथीही वाढलेल्या नव्हत्या. तरीही मूत्राशय व प्रोस्टेट ही जागा मुळातच प्रतिकूल समजली जाते, आणि गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी असल्याने टप्पा तिसरा ठरला. गाठ न काढता केवळ तुकडा घेतलेला असल्याने गटही तिसराच. एकूण जोखीम मध्यम.

आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे

या प्रश्नाला आज बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, पण ते मिळायला काही दशके लागली. १९७२ साली अमेरिकेत इंटरग्रुप रॅब्डोमायोसार्कोमा स्टडी सुरू झाला, त्या काळात अशा मुलांचे मूत्राशय, प्रोस्टेट आणि आजूबाजूचे भाग सुरुवातीलाच काढून टाकण्याची रीत होती. मुले जगत, पण पोटावर पिशवी घेऊन. पुढे केमोथेरपी आणि किरणोपचारांचा अनुभव वाढत गेला, तशी मोठी शस्त्रक्रिया मागे सरकली आणि मूत्राशय वाचवणे हे स्वतंत्र उद्दिष्ट बनले. शरीरात इतरत्र न पसरलेल्या अशा गाठींमध्ये मोठ्या अभ्यासांतून जगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आले आहे, आणि त्यासाठी प्रत्येकाचे मूत्राशय काढावे लागत नाही. मात्र वाचलेल्या मूत्राशयांपैकी बरीच पुढे नीट काम करत नाहीत, हेही त्याच अभ्यासांनी दाखवून दिले. या प्रकरणाची अर्धी गुंतागुंत त्यातूनच आली.

गाठ मूत्राशयाच्या शेंड्यावर असती, तर केमोथेरपीच्या काही चक्रांनंतर तेवढा भाग काढून उरलेले मूत्राशय शिवता आले असते. अशा जागी अंशतः शस्त्रक्रिया चांगली साधते. इथे गाठ मुखाशी आणि ट्रायगोनवर, म्हणजे दोन्ही मूत्रवाहिन्यांची तोंडे व मूत्रमार्ग यांच्यामधल्या त्रिकोणी भागावर होती. तो भाग काढला की लघवी रोखणारी यंत्रणाच निघून जाते. म्हणून व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे सुरू झाली. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयातून रक्तस्राव होऊ नये म्हणून सोबत मेस्ना आणि भरपूर सलाइन दिले जात होते. तिसऱ्या चक्रानंतर लघवीत रक्त आले तेव्हा घरचे हादरले. ते औषधाचे की गाठीचे हे ठरवायला सोनोग्राफी करावी लागली. गाठ लहानच झालेली निघाली.

बाराव्या आठवड्यातला निर्णय

बाराव्या आठवड्यातील एमआरआयमध्ये गाठ २.९ × २.५ × २.२ सेंमी उरली होती. आकारमानाच्या हिशेबाने सुमारे ६९ मिलिलीटरवरून ८ मिलिलीटरवर, म्हणजे जवळपास ८८ टक्के घट. पाठीतली नळी तोवर निघाली होती आणि मूत्रपिंडांचे काम सुधारले होते. ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांच्या बैठकीपुढे, आता स्थानिक उपचाराचा प्रश्न होता, कारण उरलेल्या गाठीचा बंदोबस्त नुसत्या औषधांवर सोडला तर ती परतण्याची भीती मोठी असते.

पूर्ण मूत्राशय व प्रोस्टेट काढले तर किरणोपचारांची मात्रा कमी करता आली असती, कदाचित टाळताही आली असती. तीन वर्षांच्या मुलाच्या श्रोणीवर, म्हणजे ओटीपोटाच्या भागावर, किरण देणे ही साधी गोष्ट नाही; हाडांची वाढ खुंटते, मूत्राशय आकसते, आतड्यांवर परिणाम होतो आणि काही वर्षांनी त्याच भागात दुसरा कर्करोग उद्भवण्याची शक्यता उरते. दुसऱ्या बाजूला, शस्त्रक्रियेने जे जाते ते कायमचे जाते. तिसरा मार्ग फ्रान्समधील गुस्ताव रूसी संस्थेने विकसित केला आहे. त्यात गाठीचा बराचसा भाग काढून मूत्राशयाच्या मुखाभोवती बारीक नळ्या ठेवतात आणि त्यांतून आतल्या आत किरण देतात. निवडक मुलांमध्ये त्याचे परिणाम उत्तम आहेत. आमच्या पथकाने त्याचा गांभीर्याने विचार केला, पण उरलेली गाठ ट्रायगोनवरून डाव्या भिंतीवर वर सरकलेली होती आणि एवढे क्षेत्र त्या पद्धतीत नीट सामावत नाही.

शेवटी बाहेरून किरणोपचार ठरले : ५०.४ ग्रे (किरणमात्रेचे एकक), २८ बैठकांत. रोज भूल, रोज मूत्राशयात ठरावीक पाणी, वृषणे क्षेत्राबाहेर राहतील अशी मांडणी. किरणांच्या काळात ॲक्टिनोमायसिन थांबवले, कारण ते किरणांची दाहकता वाढवते. एकूण केमोथेरपी सुमारे दहा महिने चालली.

हा निर्णय एकमताने झाला नव्हता, हे नोंदवले पाहिजे. पथकातील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे होते की ज्या मूत्राशयाच्या मुखाला गाठीने पोखरले आहे आणि ज्यावर एवढी मोठी किरणमात्रा पडणार आहे, ते पुढे कामाचे राहील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचा युक्तिवाद पुढे निम्मा खरा ठरला.

उपचार संपले, गाठ उरली

शेवटच्या चक्रानंतरच्या एमआरआयमध्ये मूत्राशयाच्या मुखाशी १.६ सेंमीचा जाडसर भाग दिसत होता आणि त्यात थोडे रक्ताभिसरणही होते. पेट स्कॅनवर तो जेमतेम उजळत होता. पथकाशी भेट होण्याआधी अहवाल पालकांच्या हाती पडला. वडील भेटीला आले तेव्हा अहवालाची ती ओळ त्यांनी पेनाने अधोरेखित केलेली होती. "डॉक्टर, गाठ अजून आत आहे असं इथं लिहिलंय. एवढं सगळं करून ती तशीच का ठेवायची? एकदाच काय ते काढून टाका."

ही मागणी अडाणीपणाची नव्हती. दुसऱ्या एका तज्ज्ञाने त्यांना हाच सल्ला दिला होता, आणि गाठ खरोखर जिवंत असेल तर वाट पाहण्यात तोटाच होता. परतलेल्या आजारानंतर मूत्राशय काढून जीव वाचण्याची शक्यता आधीच्या तुलनेत बरीच कमी असते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकत होती. आजार नसताना मूत्राशय गेले असते, किंवा आजार असताना मूत्राशय जपत बसलो असतो.

दुर्बिणीने पुन्हा तपासणी केली. घोस नाहीसे झाले होते. त्या जागी फिकट, खरबरीत, किंचित उंचवटा होता. तिथून खोलवर सहा तुकडे घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली गोल किंवा पट्ट्यासारख्या, गर्द गुलाबी पेशी दिसल्या. त्यातल्या काहींमध्ये तर पूर्ण वाढ झालेल्या स्नायूत असतात तशा आडव्या रेघाही होत्या. या प्रौढ झालेल्या रॅब्डोमायोब्लास्ट पेशी होत. उपचारांनी वाढणाऱ्या अपरिपक्व पेशी मरतात आणि ज्या पेशींनी स्नायूपणाकडे वाटचाल केली त्या मागे उरतात. त्या डेस्मिन आणि मायोजेनिनला प्रतिसाद देतात, त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला तो आजारच वाटतो. पण त्यांचे विभाजन होत नाही. या तुकड्यांत एकही विभाजित होणारी पेशी नव्हती आणि वाढीचा निर्देशांक नगण्य होता. अशा पेशी मुलाच्या मूत्राशयात काही काळ राहतात आणि पुढे विरळ होत जातात, हा अनुभव अनेक केंद्रांतून नोंदला गेला आहे. केवळ त्या आहेत म्हणून मूत्राशय काढण्याची गरज नसते.

सहा तुकडे म्हणजे संपूर्ण गाठ नव्हे, हा आक्षेप मात्र उरतोच. ट्यूमर बोर्डात त्यावर बराच वेळ गेला. तोडगा असा निघाला की काचपट्ट्या या आजाराचा विशेष अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने स्वतंत्रपणे वाचाव्यात. दर दोन महिन्यांनी दुर्बिणीतून नवे तुकडे आणि दर तीन महिन्यांनी एमआरआय व्हावा. आणि थांबण्याची मर्यादा आधीच कागदावर लिहावी. जाडसर भाग वाढला, किंवा तुकड्यांत अपरिपक्व अथवा विभाजित होणाऱ्या पेशी दिसल्या, तर पुन्हा चर्चा न करता मूत्राशय काढायचे. हा कागद पालकांनाही दिला. पथकाच्या दृष्टीने या प्रकरणातले सर्वांत उपयोगी साधन तो कागदच ठरला. प्रत्येक तपासणीनंतर "आता काय करायचे" ही चर्चा नव्याने करावी लागली नाही, आणि वडिलांनाही "डॉक्टर नुसतेच थांबलेत" असे वाटण्याचे कारण उरले नाही.

वर्षभरात जाडसर भाग १.२ सेंमीवर येऊन स्थिरावला. दर वेळी तुकड्यांतल्या त्या पेशींची संख्या कमी होत गेली. शेवटच्या दोन तपासण्यांत फक्त तंतुमय उती मिळाली.

वाचलेले मूत्राशय

मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा आजाराच्या दृष्टीने सर्व ठीक होते. तरी आई म्हणत होती, "अर्ध्या तासाला लघवीला जातो, आणि मधेच कपडे ओले होतात." लघवीच्या नोंदवहीत एका वेळी ५० ते ७० मिलिलीटरपेक्षा जास्त लघवी कधीच नव्हती. या वयात मूत्राशयाची क्षमता साधारणपणे वयात एक मिळवून ३० ने गुणावे इतकी, म्हणजे १८० मिलिलीटर अपेक्षित असते.

मूत्राशय भरताना आतला दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक तपासणीत जास्त काळजीची गोष्ट समोर आली. मूत्राशय लहान तर होतेच, शिवाय ताठर झाले होते. ७० मिलिलीटर भरताच आतला दाब पाण्याच्या ४५ सेंमीपर्यंत चढत होता. ४० सेंमीच्या वर दाब सतत राहिला की त्याची झळ मूत्रपिंडांना बसते. उजवे मूत्रपिंड पुन्हा किंचित फुगू लागलेच होते. ओलेपणा कुटुंबाला दिसत होता. मूत्रपिंडाचे नुकसान कोणालाच दिसत नव्हते, आणि निर्णय त्यावरून घ्यायचा होता.

मूत्राशयाचे स्नायू सैल करणारे ऑक्सिब्युटिनिन सुरू केले, त्याने दाब थोडा उतरला. ठरावीक वेळी कॅथेटर घालून मूत्राशय पूर्ण रिकामे करणे हा पुढचा उपाय होता. पाठीच्या कण्याच्या आजाराने संवेदना गेलेल्या मुलांमध्ये तो सहज रुळतो. या मुलाची मूत्रमार्गातील संवेदना शाबूत होती, वर किरणांनी तो भाग हुळहुळा झालेला. दिवसातून चार वेळा होणारी झटापट महिनाभर चालली आणि मग सोडून द्यावी लागली. दुर्बिणीतून बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिल्यावर काही महिने आराम पडला. पण तंतुमय झालेल्या भिंतीत त्याचा परिणाम मर्यादितच असतो.

सात वर्षे पूर्ण होताना मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. उपचार संपून तीन वर्षे उलटली होती, आणि आधीच्या दोन वर्षांतील एकाही तपासणीत आजाराचा मागमूस नव्हता. मूत्राशय पूर्ण काढून लघवी पोटावर वळवणे, किंवा आहे त्या मूत्राशयाला आतड्याचा तुकडा जोडून त्याची क्षमता वाढवणे, हे दोन पर्याय होते. मुखाशी असलेला झडपेचा भाग बऱ्यापैकी काम करत होता, म्हणून दुसरा पर्याय निवडला. मात्र आतड्याचा कोणता भाग घ्यायचा हे पोट उघडून पाहिल्याशिवाय ठरवायचे नाही, असे ठरले होते. श्रोणीतील आतड्यालाही किरण लागलेले असतात. वरून निरोगी दिसणाऱ्या, पण रक्तपुरवठा मंदावलेल्या तुकड्याची शिवण उसवू शकते. तशी वेळ आली तर आडव्या मोठ्या आतड्याचा तुकडा घ्यायचा, कारण तो किरणांच्या क्षेत्राबाहेर असतो. प्रत्यक्षात लहान आतड्याचा वरच्या बाजूचा सुमारे २५ सेंमीचा भाग मऊ, गुलाबी आणि चांगला रक्तपुरवठा असलेला मिळाला. शेवटचे १५ ते २० सेंमी आतडे मुद्दाम सोडून दिले, कारण ब-१२ जीवनसत्त्व तिथूनच शोषले जाते.

त्याच वेळी ॲपेंडिक्सचे एक टोक मूत्राशयात आणि दुसरे बेंबीत शिवून कॅथेटरसाठी वेगळी वाट केली. ही कल्पना फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल मित्रोफानोफ यांनी १९८० साली मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. या वाटेत संवेदना नसते, हीच या मुलासाठी सर्वांत महत्त्वाची बाब होती. शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या भिंतीचे घेतलेले तुकडे आजारमुक्त आले.

आजची स्थिती

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. केमोथेरपी संपून पाच वर्षांहून अधिक काळ झाला असून आजार परतलेला नाही. तो दर तीन-चार तासांनी स्वतः बेंबीतून कॅथेटर घालून लघवी काढतो, शाळेतही. रात्री कॅथेटर पिशवीला जोडलेला असतो. दिवसा कपडे कोरडे राहतात. मूत्रपिंडांचे काम वयाच्या मानाने ठीक आहे, उजव्या बाजूची सूज ओसरली आहे.

आतड्याचा तुकडा आपला स्वभाव सोडत नाही. तो श्लेष्म सोडत राहतो. मूत्राशय रोज धुतले नाही तर त्यात खडे होतात. रक्तातील आम्लता वाढते म्हणून सोडाबायकार्बोनेटच्या गोळ्या चालू आहेत. कॅथेटरची वेळ फार चुकली तर जोडलेले मूत्राशय फुटूही शकते, आणि त्या वेळी मुलाचे पोट अचानक दुखू लागते; ही गोष्ट शाळेतील शिक्षकांना लेखी कळवली आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा सोनोग्राफीचा. कल्चरमध्ये जंतू नसताना लहान मुलाला लघवीला जोर करावा लागत असेल, तर दुसऱ्या प्रतिजैविकाआधी मूत्राशयाची सोनोग्राफी व्हायला हवी होती. त्या काही आठवड्यांनी आजाराचा टप्पा बदलला असता का, हे निश्चित म्हणता येत नाही. डाव्या मूत्रपिंडाचे हाल मात्र टळले असते.

अंतिम एमआरआयमध्ये काही ना काही उरलेले दिसण्याची शक्यता मुखाजवळच्या गाठीत नेहमीच असते. ही शक्यता आणि तिचा अर्थ शेवटच्या चक्राआधीच पालकांना सांगितला गेला पाहिजे. अहवाल हाती पडल्यानंतर केलेला खुलासा सारवासारवीसारखा वाटतो, मग तो कितीही खरा असो.

किरणोपचारांआधीची युरोडायनॅमिक तपासणी झाली नव्हती. मुलगा लहान, आजार तातडीचा, कॅथेटर बसवलेला. कारणे खरी होती. पण बाराव्या आठवड्यात, कॅथेटर निघाल्यावर, निदान लघवीची नोंदवही आणि उरलेल्या लघवीची सोनोग्राफी एवढे तरी शक्य होते. ती नोंद असती, तर मूत्राशय ताठर होत चालल्याचे पाच वर्षांच्या वयाऐवजी चारच्या सुमारास लक्षात आले असते आणि ऑक्सिब्युटिनिन लवकर सुरू झाले असते. त्याने मोठी शस्त्रक्रिया टळली असती असे मात्र आमच्यापैकी कोणीही छातीठोकपणे म्हणणार नाही.

ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुरुवातीला मूत्राशय काढण्याचा आग्रह धरला होता, ते आजही म्हणतात की शेवटी बेंबीतून कॅथेटर घालायचाच होता, तर किरणांशिवाय तिथे पोहोचता आले असते. या म्हणण्यात तथ्य आहे. त्याला उत्तर एवढेच की मुखाशी असलेली झडप आणि प्रोस्टेटच्या भागातील मज्जातंतू शस्त्रक्रियेत गेले असते, आणि त्यांचा हिशेब नऊ वर्षांच्या वयात मांडता येत नाही. सायक्लोफॉस्फमाइडचा शुक्राणूंवरचा परिणामही वयात आल्यावरच कळेल. त्याविषयी पालकांशी पहिले सविस्तर बोलणे उपचार संपल्यावर झाले, ते सुरू होण्याआधी व्हायला हवे होते. इतक्या लहान वयात शुक्राणू साठवण्याची सोय नसते, म्हणून तो विषयच काढायचा नाही असे होऊ नये. अकराव्या वर्षापासून हार्मोन तज्ज्ञांकडे नियमित तपासणी आणि शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाल्यावर दरवर्षी दुर्बिणीने मूत्राशयाची पाहणी, असे वेळापत्रक त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावले आहे.